जुन्या एकओळी पेरणी यंत्राने टोकण : छोटा ट्रॅक्टर असलेल्या नवशिक्यांसाठी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जुन्या शेती अवजारांचा लिलाव असला की कुंपणालगतच्या गवतात एखादे तरी एकओळी पेरणी यंत्र गंजत पडलेले दिसते. बिडाची गोल पेटी, तिच्या तळाशी खाचांची चकती, खाली चर पाडणारा फाळ, मागे माती ओढणारी दोन पाती आणि सर्वांत शेवटी दाबचाक, एवढाच त्याचा पसारा असतो. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरात १९०० साली स्थापन झालेल्या कोल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची यंत्रे या भागात विशेष आढळतात. ती मुळात खेचराने ओढण्यासाठी बनवलेली होती आणि पुढे ट्रॅक्टर आल्यावर त्याच पेट्या लोखंडी आडव्या दांड्यावर बसवल्या गेल्या. एक-दोन एकर जमीन, जुना किंवा लहान ट्रॅक्टर आणि मका, चवळी, भेंडी अशी घरापुरती अथवा स्थानिक बाजारापुरती पिके असतील, तर हे यंत्र आजही पुरेसे आहे. नॉर्थ कॅरोलायनातीलच तांबड्या चिकण मातीत मी ते वापरतो, म्हणून पुढील सूचना त्या मातीला धरून आहेत.

तिफणीवर, म्हणजे बैलांनी ओढायच्या पारंपरिक अवजारावर, पेरणी पाहिलेल्यांना या यंत्राचे मर्म चटकन कळेल. तिफणीत चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, धरलेली मूठ बी सोडण्याचा वेग ठरवते आणि सवयीच्या हाताशिवाय पेरा सारखा पडत नाही. एकओळी यंत्रात त्या मुठीचे काम चकती करते. चकतीला गती मिळते ती ट्रॅक्टरच्या इंजिनाकडून नव्हे, तर जमिनीवर फिरणाऱ्या चाकाकडून. म्हणजे ट्रॅक्टर हळू चालवला काय आणि थोडा जोरात चालवला काय, दोन दाण्यांतील अंतर हिशेबाने तेच राहायला हवे. प्रत्यक्षात ते का बदलते, हे समजून घेणे हीच या यंत्राची निम्मी विद्या आहे. नवशिका बहुधा ट्रॅक्टरकडे लक्ष देतो. लक्ष द्यायचे ते चकतीकडे आणि चाकाकडे.

घेण्यापूर्वी काय पाहावे

रंग उडालेला असणे किंवा पेटीचे झाकण नसणे या किरकोळ गोष्टी आहेत. प्रथम दाबचाक हाताने पुढच्या दिशेने फिरवावे आणि पेटीतील चकती फिरते का ते पाहावे. फिरत नसल्यास जोर लावू नये, कारण बीड वाकत नाही, तुटते. गंज सोडवणारे तेल घालून दोन दिवस थांबावे. त्यानंतर चकतीखालचे लहान दातेरी चक्र पाहावे. त्याचे दाते झिजून टोकदार झाले असतील, तर भरलेल्या पेटीच्या ओझ्याखाली ते घसरते आणि ओळीत हातभर जागा मोकळी राहते. साखळी, पिना, बुश सहज मिळतात. बिडाची तडकलेली पेटी किंवा तिचा तळ मात्र सहजी मिळत नाही. यंत्रासोबत चकत्या किती येतात हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. चकत्यांविना यंत्र स्वस्तात मिळाले तरी ते घेण्याची घाई करू नये, कारण प्रत्येक बनावटीच्या चकतीचा व्यास, जाडी आणि मधले भोक वेगळे असते.

ज्या यंत्राला मागे लाकडी मुठी आहेत, ते चालत हाकण्याचे आहे. ते दोरखंडाने ट्रॅक्टरमागे बांधून ओढणे धोक्याचे आहे आणि निरुपयोगीही, कारण फाळ जमिनीत सरळ धरण्यासाठी मागे माणूस चालावा अशीच त्याची रचना असते. अशी यंत्रे थ्री पॉइंट लिंकेजच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागे खाली दोन (लोअर लिंक) आणि वर एक (टॉप लिंक) अशा तीन भुजांच्या जोडणीच्या, आडव्या दांड्यावर बसवून घ्यावी लागतात. बसवताना फाळ आणि चाक यांना जमिनीच्या चढउताराप्रमाणे वर-खाली होण्याची मोकळीक ठेवावी.

जुना रंग तारेच्या ब्रशने खरवडताना तोंडाला मास्क लावावा, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. पेटीतून बी चरात सोडणारी बीजनळी टॉर्चने आतून पाहावी. माझ्या पहिल्या वर्षी तीन तास, म्हणजे तीन ओळी, पूर्ण पेरून झाल्यावर लक्षात आले की एकही दाणा जमिनीत पडलेला नव्हता. हिवाळ्याआधी एका कुंभारीण माशीने नळीत मातीचे घर बांधले होते आणि दाणे त्यावर साचून पेटीच्या तळाशी चेंगरत होते.

ट्रॅक्टर आणि जोडणी

ट्रॅक्टरच्या ताकदीची येथे चिंता नाही. एक फाळ दोन इंच खोल ओढायला फारच थोडी शक्ती लागते. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९४७ ते १९७९ या काळात बनवलेला फार्मऑल कब हा छोटा ट्रॅक्टर एकओळी कामासाठीच आखलेला होता. त्याचे इंजिन एका बाजूला सरकवलेले असल्याने चालकाला समोरची ओळ थेट दिसते. ॲलिस-चाल्मर्सच्या १९४८ ते १९५५ दरम्यानच्या जी या ट्रॅक्टरचे इंजिन तर चालकाच्या मागेच असते. या दोन्हींना त्यांची स्वतःची अवजारे लागतात. ज्यांच्याकडे फोर्डचा जुना ८एन किंवा आजचा एखादा कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर आहे, त्यांना थ्री पॉइंट लिंकेजवरचे यंत्र सोयीचे पडते.

जोडणी सपाट, कठीण जागेवर करावी. पहिल्या श्रेणीच्या (कॅटेगरी १, लहान ट्रॅक्टरांच्या) लिंकेजला खाली ७/८ इंचाच्या आणि टॉप लिंकला ३/४ इंचाच्या पिना लागतात. जुन्या यंत्राची भोके झिजून मोठी झालेली असतील तर बुश घालावे, तशीच ढिली पिन चालवून घेऊ नये. त्यानंतर तीन गोष्टी जुळवाव्या. डावी व उजवी लोअर लिंक सारख्या उंचीवर असावी, म्हणजे फाळ एका अंगाला कलणार नाही. चेक चेन, म्हणजे लोअर लिंकच्या बाजूच्या साखळ्या, आवळून यंत्राचे झुलणे थांबवावे, नाहीतर ओळ नागमोडी पडते. टॉप लिंकची लांबी अशी ठेवावी की यंत्र खाली टेकल्यावर त्याचा सांगाडा जमिनीला समांतर राहील. टॉप लिंक आखूड झाली की फाळाचे नाक खाली खुपसते आणि मागचे चाक अधांतरी फिरते. चाक अधांतरी म्हणजे चकती बंद, आणि चकती बंद म्हणजे पेरा बंद. याच कारणासाठी पेरताना हायड्रोलिकचा दांडा पूर्ण खाली सोडून यंत्राला स्वतःच्या वजनावर चालू द्यावे, लिफ्टने अर्धवट उचलून धरू नये.

चकती आणि दाणा

या यंत्रांच्या चकत्या मुख्यतः दोन प्रकारांनी बसतात. आडव्या चकतीत दाणे खाचेत बसतात, स्प्रिंगवरची एक जीभ जास्तीचे दाणे मागे सारते आणि नळीच्या तोंडावर दुसरा लहान तुकडा खाचेतला दाणा खाली ढकलतो. पहिल्याला कटऑफ आणि दुसऱ्याला नॉकर म्हणतात. कोलच्या प्लेन व्ह्यू यंत्रात चकती तिरकी असते. ती तळच्या ढिगातून दाणा उचलून वर नेते, जास्तीचे दाणे आपल्याच वजनाने परत घसरतात आणि उरलेला एक नळीत पडतो. घासणारी जीभ नसल्याने भुईमुगासारखे नाजूक दाणे त्यात कमी फुटतात. महाराष्ट्रात ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या, तिरक्या चकत्या असलेल्या बहुओळी टोकण यंत्रांतही हेच तत्त्व आहे, त्यामुळे ज्यांनी ती गावाकडे पाहिली आहेत त्यांना ही रचना परकी वाटणार नाही.

चकती निवडताना पिकाचे नाव पाहू नये, समोरचा दाणा पाहावा. मक्याचा दाणा कणसाच्या बुडाशी मोठा आणि गोल, मध्यावर चपटा आणि टोकाला बारीक असतो. म्हणून चकतीच्या यंत्रांच्या काळात बियाणे चाळून चपटे, गोल, मोठे, मध्यम असे वेगळे विकले जाई, आणि आजही अनेक पिशव्यांवर ती प्रत छापलेली असते. घरचे बियाणे वापरायचे असल्यास कणसाचे दोन्ही टोकांचे दाणे काढून टाकावे आणि मधलेच घ्यावे.

परीक्षा सोपी आहे. चकती टेबलावर ठेवून दहा-पंधरा खाचांत हाताने दाणे बसवावे. दाणा खाचेत सैलसर बसावा, बोट फिरवल्यावर किंचित हलावा आणि चकतीच्या पृष्ठभागाच्या वर आलेला नसावा. एका खाचेत दोन दाणे मावत असतील तर चकती मोठी आहे आणि विरळणीत हात दुखतील. दाणा अडकून बसत असेल तर चकती लहान आहे; कटऑफ त्याचे तुकडे करील आणि पेटीच्या तळाशी पीठ साचेल. दोन चकत्यांच्या मधला दाणा निघाला, तर मी थोडी मोठी चकती घेतो, कारण जास्तीचे रोप उपटता येते, पण नांग्या, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, भरण्यासाठी उशिरा टोकलेला मका मोठ्या रोपांच्या सावलीत मागेच राहतो. चकती बसवताना खाचेची रुंद बाजू खाली येईल याकडे लक्ष द्यावे. उलटी बसली तर दाणा खाचेत रुतून तसाच गोल फिरत राहतो.

भेंडीचे बी भिजवून पेरण्याची सवय अनेकांना आहे. ओले बी या यंत्रात घालू नये, ते चिकटते. पेटीत बियाण्यावर चमचाभर ग्रॅफाइटची भुकटी टाकून हलवले की दाणे सुळसुळीत सरकतात आणि चकतीची झीजही कमी होते. गुलाबी किंवा हिरवा रंग असलेल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले असते, ते हातमोजे घालूनच हाताळावे आणि उरलेले कोंबड्यांना टाकू नये.

अंगणातली मोजणी

शेतात जाण्यापूर्वीची ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि पुढे तिचीच किंमत मोजतात. यंत्र लिफ्टवर उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावे, इंजिन बंद करावे आणि चाकाचा व्यास मोजावा. समजा, चाक १४ इंच व्यासाचे आहे. त्याचा परीघ सुमारे ४४ इंच झाला. चाकाला खूण करून चकतीचा एक फेरा पूर्ण व्हायला चाकाचे किती फेरे लागतात ते मोजावे. समजा, तीन लागले. म्हणजे १३२ इंचांत, अर्थात ११ फुटांत, चकती एकदा फिरते. चकतीला १६ खाचा असतील तर ११ फुटांत १६ दाणे, म्हणजे सव्वाआठ इंचांवर एक दाणा पडेल. मक्याला हे अंतर चांगले आहे. अंतर बदलायचे असल्यास साखळीवरचे दातेरी चक्र बदलावे किंवा कमी-अधिक खाचांची चकती घ्यावी. वेग बदलून अंतर बदलत नाही.

आता पेटीत अर्ध्यापर्यंत बियाणे भरून बीजनळीखाली भांडे ठेवावे आणि चाक साधारण चालण्याच्या गतीने ३० वेळा फिरवावे. हे ११० फुटांचे अंतर झाले आणि हिशेबाने १६० दाणे पडायला हवेत. १५० ते १७० यांच्या दरम्यान आकडा आला तर काम झाले. १३० आले तर खाचा रिकाम्या जात आहेत, २०० आले तर जोडीने दाणे पडत आहेत. फुटलेले दाणे वेगळे मोजावे. ते चार-पाचाहून जास्त असतील तर चकती किंवा कटऑफ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

११० फुटांचा आकडा मुद्दाम घेतला आहे. ११० फूट लांब आणि ९९ फूट रुंद तुकडा म्हणजे बरोबर पाव एकर, आपल्या भाषेत १० गुंठे. त्यात तीन फुटांवर ३३ ओळी बसतात आणि प्रत्येक ओळीला १६० दाणे धरून ५,२८० दाणे लागतात. बियाण्याच्या पिशवीवर दाण्यांची संख्या असते, तिच्याशी हा आकडा ताडून पाहिला की खरेदीचा अंदाज येतो. घरच्या बियाण्याची उगवण आधी ओल्या कापडात १०० दाणे गुंडाळून पाहावी.

जमीन आणि पहिला तास

एकओळी जुने यंत्र हलके असते. ढेकळांवर ते उड्या मारते आणि कडब्याच्या अवशेषांवरून चर न पाडताच सरकते. म्हणून जमीन भुसभुशीत आणि वरून सपाट असावी, आणि मुख्य म्हणजे वाफसा आलेला असावा, म्हणजे मातीत ओल बेताचीच असावी. तांबड्या चिकण मातीत वाफशाला फार महत्त्व आहे. मूठभर माती दाबून बोटाने टोचली असता ती फुटली पाहिजे. गोळा चकचकीत राहिला तर आणखी एक दिवस थांबावे. ओल्या चिकण मातीत फाळ चराच्या भिंती लिंपून टाकतो, दाबचाकाला मातीचे थर चढतात, त्याचा परीघ वाढतो आणि दाणे विरळ पडू लागतात. तापमानाचेही तसेच आहे. मक्याला जमीन किमान १० अंश सेल्सिअस हवी, भेंडीला १८ अंशांच्या पुढे. मार्चमधल्या एखाद्या उबदार रविवारी हुरळून जाऊ नये.

खोली फाळाच्या उंचीवर ठरते. मका दीड ते दोन इंच, चवळी व घेवडा एक ते दीड इंच, भेंडी अर्धा ते एक इंच एवढी पुरते. खोली सांगाड्यावरून मोजू नये. ट्रॅक्टर चालून १५-२० फूट पेरावे, थांबावे, इंजिन बंद करावे आणि बोटाने माती बाजूला करून दाणा प्रत्यक्ष किती खोल आहे ते पाहावे. तेथेच १० फूट ओळ उकरून दाणे मोजावे. हिशेबाप्रमाणे १४ ते १५ सापडले पाहिजेत.

याच वेळी चाकाच्या कडेला चिंधी बांधून ११० फुटांत चाकाचे फेरे किती होतात तेही मोजावे. अंगणात ३० आणि शेतात २८ भरले, तर चाक घसरते आहे आणि दाण्यांमधले अंतर सव्वाआठवरून पावणेनऊच्या पुढे गेले आहे. थोडी घसरण प्रत्येक जमिनीत असते. ती जास्त असेल तर दाबचाकावर थोडे वजन वाढवावे. चिकण मातीत मात्र हे वजन जपूनच वाढवावे लागते, कारण जड चाकामागून पाऊस आला की ओळीवर पापडी धरते आणि कोंब तिच्याखाली वाकडे होतात.

पहिला तास दोरी लावूनच पेरावा. तो वाकडा गेला तर पुढचे सगळे तास त्याचीच नक्कल करतात. पुढच्या ओळीसाठी आडव्या दांड्याच्या टोकाला, ओळीपासून तीन फुटांवर लहान साखळी लोंबती ठेवली की ती मातीवर रेघ ओढत जाते. परतताना ट्रॅक्टरचा मध्य त्या रेघेवर धरावा. ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४८ इंच असेल, तर परतीच्या वेळी टायरचा मध्य पेरलेल्या ओळीपासून १२ इंचांवरून जातो. टायर आठ-नऊ इंच रुंद असल्यास ओळ सुरक्षित राहते. यापेक्षा चाके बाहेर काढली तर मात्र आपलीच पेरणी आपणच तुडवत जाऊ.

चालवताना

वेग ताशी तीन ते पाच किलोमीटर असावा. ताशी ४.८ किलोमीटर, म्हणजे तीन मैलांच्या वेगाला आपल्या उदाहरणातील चकतीतून सेकंदाला सहाहून अधिक दाणे सुटतात. त्यापुढे खाचेत दाणा बसायला वेळच मिळत नाही. सुरुवातीला म्हटले की अंतर वेगावर अवलंबून नसते, पण खाच भरणे मात्र वेगावर अवलंबून असते. वेगमापक नसेल तर घड्याळ लावावे. ११० फुटांची ओळ २५ सेकंदांच्या आत संपली तर आपण घाई करत आहोत. ३५ ते ४० सेकंद ही सावकाश आणि खात्रीची गती आहे.

यंत्र खाली टेकवावे ते ट्रॅक्टर पुढे सरकत असतानाच. उभ्या ट्रॅक्टरवरून खाली सोडल्यास बीजनळीच्या तोंडात माती कोंबली जाते. फाळ जमिनीत असताना मागे घेणे तर पूर्ण वर्ज्य आहे, कारण त्याने नळी बुजतेच आणि उलट फिरलेल्या चाकाने आतले भागही मोडू शकतात. बांधाशी वळण्यापूर्वी यंत्र उचलावे, वळावे, मग पुन्हा चालत्या गतीत टेकवावे. चार-पाच ओळींनंतर एकदा पेटीत डोकावून बियाणे कमी होत आहे ना ते पाहावे. माझ्या त्या तीन रिकाम्या ओळींपासून मी प्रत्येक ओळीच्या शेवटी पाहतो.

मका पेरताना एक लांबच लांब ओळ टाकण्याचा मोह होतो. मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते, म्हणून निदान चार ओळी शेजारीशेजारी असाव्यात, नाहीतर कणसे दातपडकी भरतात.

काही यंत्रांना खताची वेगळी पेटी असते. पहिल्या हंगामात ती रिकामी ठेवावी असे माझे मत आहे. खत बियाण्याच्या दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली पडले तरच उपयोगी. जुन्या यंत्रात ते बहुधा थेट बियाण्यावर पडते आणि कोंब जाळते.

पेरणी चालू असताना यंत्रावर कोणीही उभे राहू नये, मुलांना मडगार्डवर बसवू नये. जुन्या छोट्या ट्रॅक्टरांना उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट सहसा नसते, म्हणून उतारावर आडवे पेरताना विशेष सावध राहावे. नळी बुजली तर खाली उतरण्याआधी इंजिन बंद करावे आणि लिफ्टच्या भरवशावर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नये, खाली ठोकळा द्यावा.

काम झाल्यावर

पेटी त्याच दिवशी पूर्ण रिकामी करावी. तळाशी राहिलेले दहा-वीस दाणे एका रात्रीच्या दमटपणात फुगतात आणि चकती जाम करतात. उंदरांना आमंत्रण मिळते ते वेगळेच. चकती काढून पुसावी आणि तिच्या भोकात सुतळी ओवून छपरात खिळ्याला टांगावी. सुतळीला लहान चिठ्ठी बांधून त्यावर पीक, दाण्याची प्रत, वापरलेले दातेरी चक्र आणि ३० फेऱ्यांत पडलेले दाणे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी अंगणातली मोजणी दहा मिनिटांत आटोपते. साखळीला तेल, फाळाला ग्रीसचा हात, आणि बीजनळीच्या दोन्ही तोंडांत चिंध्यांचे बोळे. ते पुढच्या हंगामात काढायला विसरू नये म्हणून एका चिंधीचे लाल टोक बाहेर लोंबते ठेवावे.